रेसमध्ये जिंकलेली रक्कम आयकर विवरणपत्रात कशी दाखवावी

जुलैचा तिसरा आठवडा लागला की सातारा, कोरेगाव, कराड, वाईकडची माणसे आमच्याकडे कागद घेऊन येतात. पुण्याच्या रेसकोर्सवर गेल्या हंगामात जिंकलेले असते आणि तोंडात एकच वाक्य असते : "टॅक्स तिथंच कापलाय, आता काय राहिलंय?" बरेच काही राहिलेले असते. गेली काही वर्षे त्याच त्या चुकांमुळे आलेल्या नोटिसा मी हातात घेतो आहे. त्यातली जवळजवळ प्रत्येक नोटीस टाळता आली असती, म्हणून सगळी प्रक्रिया इथे क्रमाने लिहितो आहे.

सगळ्या गोंधळाचे मूळ एकच आहे. रेसच्या पैशावर सरकार तीन वेगवेगळ्या ठिकाणी वसुली करते आणि लोक त्या तिन्हींना एकच समजतात.

पहिली वसुली तिकीट काढताना होते. ती जीएसटी. पैजेच्या पूर्ण रकमेवर तो आकारला जातो. २१ सप्टेंबर २०२५ पर्यंत दर २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. तुम्ही जिंका किंवा हरा, हा पैसा गेला. दुसरी वसुली पैसे हातात पडताना होते, ती टीडीएस, म्हणजे देणाऱ्यानेच आधी कापून घेतलेला कर. तिसरी म्हणजे वर्षअखेरीचा आयकर. यातला फक्त टीडीएस आयकरातून वजा होतो. जीएसटीचा आयकराशी काही संबंध नाही. तो जिंकलेल्या रकमेतून वजा करता येत नाही आणि व्यापाऱ्याला त्याचे इनपुट क्रेडिटही मिळत नाही.

खालची कलमे १९६१ च्या आयकर कायद्यातली आहेत, कारण २०२५-२६ या आर्थिक वर्षातल्या उत्पन्नाला (असेसमेंट वर्ष २०२६-२७) तोच कायदा लागतो. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा आला आणि कलमांचे क्रमांक बदलले. त्या तारखेपासून जिंकलेल्या रकमेसाठी जुने क्रमांक वापरू नका.

टप्पा १ : पैसा नक्की कुठला, ते आधी ठरवा

हिशेबाला बसण्याआधी रकमांचे ढीग वेगळे करा. प्रत्येकाचा नियम निराळा आहे.

(अ) रेसकोर्सवर टोटमधून (क्लबच्या पैजेच्या खिडकीवरून) किंवा परवानाधारक बुकीकडून मिळालेली रक्कम. हा लेख मुख्यतः याच ढिगाबद्दल आहे.

(आ) स्वतःच्या मालकीचा, किंवा भागीदारीतला, घोडा धावला म्हणून मिळालेले बक्षीस.

(इ) बैलगाडी शर्यतीचे बक्षीस. आपल्याकडे हा ढीग दिवसेंदिवस मोठा होतो आहे.

(ई) फोनवरून, गावातल्या कुणामार्फत लावलेल्या पैजेचा पैसा.

चौथ्या ढिगाबद्दल स्पष्टच सांगतो. १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यात घोड्यांच्या रेसवरच्या पैजेला जी सूट आहे, ती अटींसह आहे : रेसच्या दिवशी, परवाना असलेल्या रेसकोर्सने त्यासाठी राखलेल्या आवारात, परवानाधारकाकडे किंवा टोटवर. पानटपरीच्या मागे लावलेली पैज त्या सूटीत बसत नाही. बैलगाडीवर लावलेली तर नाहीच. असा पैसा करपात्र मात्र असतोच. उत्पन्न बेकायदा मार्गाने आले म्हणून आयकर सुटत नाही. अशा प्रकरणात विवरणपत्र भरण्याआधी वकिलाला भेटा. मी माझ्याकडे आलेल्यांनाही तेच सांगतो.

टप्पा २ : कागद त्याच दिवशी जमवा

तिकिटे थर्मल कागदाची असतात आणि दोन-तीन महिन्यांत पुसट होतात. गेल्या वर्षी एकाने पाकिटातून काढलेल्या सात चिठ्ठ्यांपैकी एकही वाचता येत नव्हती. पैसे घेण्याआधी मोबाईलवर तिकिटाचा फोटो काढा, कारण वठवल्यावर तिकीट परत हातात येत नाही.

एक वही घाला. रकाने एवढेच : तारीख, रेसचा क्रमांक, पैजेचा प्रकार (विन, प्लेस, ट्रेबल, जॅकपॉट जे असेल ते), लावलेली रक्कम, मिळालेली रक्कम, कापलेला टीडीएस, आणि पैसे रोख मिळाले की खात्यात आले.

हरलेल्या पैजाही लिहा. त्या उत्पन्नातून वजा होत नाहीत, ते पुढे येईलच. पण "बँकेतून ऑगस्टमध्ये चाळीस हजार काढले ते कुठे गेले आणि सप्टेंबरमध्ये साठ हजार भरले ते कुठून आले" असा प्रश्न आला की ही वहीच तुमच्या बाजूने बोलते.

खबरदारी : एका दिवसात एका व्यक्तीकडून, एका व्यवहारात किंवा एका प्रसंगी २ लाख रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेऊ नका (कलम २६९ एसटी). दंड देणाऱ्याला नसून घेणाऱ्याला होतो आणि तो घेतलेल्या रकमेइतकाच असतो. मोठी रक्कम असेल तर ती खात्यातच मागा.

खबरदारी : आपले जिंकलेले तिकीट दुसऱ्याला विकू नका, दुसऱ्याचे विकत घेऊ नका. "पांढरे करून देतो" म्हणून तिकिटाला जास्त पैसे देणारे भेटतात. तो काळ्या पैशाचा व्यवहार आहे आणि त्यात तुमचे नाव कायमचे अडकते.

टप्पा ३ : मंडळींनी मिळून काढलेले तिकीट

याला वेगळा टप्पा दिला, कारण सर्वांत जास्त भांडणे इथेच होतात. चार-पाच जण एका गाडीने खंबाटकी उतरून पुण्याला जातात, वर्गणी काढून जॅकपॉट लावतात, तो लागतो, आणि खिडकीवर जो पुढे असतो त्याचे पॅन दिले जाते. टीडीएस त्या एकाच्या नावावर चढतो. घरी येताना पैसे वाटून घेतात. वर्षभराने त्याच एकाच्या माथी पूर्ण रकमेचा कर येतो आणि बाकीचे म्हणतात, "टॅक्स तर कापला होता की."

बरोबर क्रम असा :

१. तिकीट काढण्याआधीच कागदावर किंवा निदान मोबाईलवरच्या गटात नावे, प्रत्येकाची वर्गणी आणि वाटा लिहून ठेवा. निकाल लागल्यावर लिहिलेल्या कागदाला फारशी किंमत उरत नाही.

२. पैसे घेतानाच क्लबला (रेस भरवणाऱ्या संस्थेला) लेखी कळवा की उत्पन्न इतक्या जणांचे आहे, त्यांची नावे, पत्ते, पॅन आणि वाटे असे आहेत. टीडीएसचे श्रेय खऱ्या मालकाच्या नावावर नोंदवण्याची सोय आयकर नियम ३७ बीए मध्ये आहे, पण त्यासाठी घोषणापत्र टीडीएस कापणाऱ्याकडे जावे लागते. नंतर स्वतःच्या विवरणपत्रात आपापसात वाटून घेतले, असे चालत नाही.

३. वाटे खात्यातून खात्यात पाठवा. रोखीने वाटले तर सिद्ध काय करणार?

हे काहीच केले नसेल, तर ज्याच्या पॅनवर टीडीएस आहे त्यानेच पूर्ण रक्कम दाखवणे सुरक्षित, आणि उरलेल्या कराचा वाटा बाकीच्यांनी त्याला द्यावा. मैत्री टिकवायची तर हे आधी बोलून घ्या.

टप्पा ४ : २६ एएस आणि एआयएस जुळवा

क्लब दर तिमाहीला टीडीएसचे विवरण भरतो. जानेवारी ते मार्च या शेवटच्या तिमाहीचे विवरण भरायची मुदत ३१ मे, आणि त्याचे प्रमाणपत्र (फॉर्म १६ ए) १५ जूनपर्यंत मिळायला हवे. म्हणून १५ जूनच्या आत विवरणपत्र भरायची घाई करू नका. मुंबईचा हंगाम हिवाळ्यात सुरू होऊन मार्चच्या पुढेही चालतो. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर जिंकलेल्यांची नोंद हमखास उशिरा दिसते.

आयकर पोर्टलवर जाऊन फॉर्म २६ एएस (तुमच्या पॅनवर कापलेल्या कराची नोंद) आणि एआयएस (तुमच्या वर्षभराच्या व्यवहारांची विभागाकडची माहिती) दोन्ही उतरवा. कलम १९४ बीबीच्या, म्हणजे रेसच्या रकमेवरच्या टीडीएसच्या, नोंदी शोधा. मग वहीतल्या ओळीशी ओळ जुळवा.

तीन गोष्टी तपासा :

एक, वहीत आहे पण २६ एएसमध्ये नाही. टीडीएस कापला असेल तर क्लबला लिहा. कापलाच नसेल तर काळजी नाही, रक्कम मात्र तुम्हाला दाखवायचीच आहे.

दोन, २६ एएसमध्ये आहे पण वहीत नाही. कुणीतरी तुमचे पॅन वापरले असू शकते. एआयएसमध्ये त्या नोंदीवर "ही माहिती दुसऱ्या पॅनची आहे" असा प्रतिसाद नोंदवा आणि क्लबलाही पत्र द्या. गप्प बसलात तर ते उत्पन्न तुमचेच धरले जाईल.

तीन, वर्ष. ३१ मार्चच्या आसपासची रेस कुठल्या वर्षात धरली आहे ते पाहा.

टप्पा ५ : हिशेब

इथे चार वाक्ये पाठ करण्यासारखी आहेत.

दर सरळ ३० टक्के आहे (कलम ११५ बीबी), त्यावर ४ टक्के आरोग्य व शिक्षण उपकर. एकूण ३१.२ टक्के. एकूण उत्पन्न ५० लाखांच्या वर गेले तर सरचार्ज वेगळा.

खर्च वजा होत नाही. हरलेली तिकिटे, पुण्याचे पेट्रोल, प्रवेश तिकीट, टीप देणाऱ्याचे पैसे, काहीच नाही (कलम ५८(४)).

मूळ सूट मर्यादा लागत नाही. दुसरे काहीही उत्पन्न नसलेल्या विद्यार्थ्याने किंवा गृहिणीने ६० हजार जिंकले तरी त्यावर दर ३१.२ टक्क्यांचाच. एलआयसी, पीपीएफ दाखवूनही हा कर कमी होत नाही.

१०,००० रुपयांची मर्यादा टीडीएससाठी आहे, करासाठी नाही. १ एप्रिल २०२५ पासून एका व्यवहारात १०,००० पेक्षा जास्त रक्कम असेल तरच टीडीएस कापला जातो. त्याआधी वर्षभराची बेरीज पाहत. त्यामुळे आता छोट्या रकमा टीडीएसविना हातात येतात आणि लोकांना वाटते त्या करमुक्त आहेत. गेल्या वर्षी चुका वाढल्या त्याचे मोठे कारण हेच.

उदाहरण घेऊ. कोरेगावचे एक शिक्षक. हंगामात एकदा ८०,००० लागले, त्यावर २४,००० टीडीएस कापला. दुसऱ्या दोन दिवशी ६,००० आणि ९,००० मिळाले, टीडीएस नाही. हरलेल्या पैजांची बेरीज १,१०,०००. गुरुजींच्या मते ते १५,००० रुपयांनी तोट्यात, म्हणून दाखवण्यासारखे काही नाही, उलट २४,००० परत मिळावेत.

कायद्याचा हिशेब असा : उत्पन्न ८०,००० + ६,००० + ९,००० = ९५,०००. कर ३० टक्क्यांनी २८,५००. उपकर १,१४०. एकूण २९,६४०. वजा टीडीएस २४,०००. भरायचे राहिले ५,६४०.

खिशातून तोटा झाल्यावर वर कर भरायचा, हे माणसाला लागते, आणि मला ते सांगताना वाईट वाटते. पण रेसकोर्सवर पाय ठेवण्याआधीच हे गणित माहीत असले पाहिजे, म्हणून इतके फोडून लिहिले.

आणखी एक पाहा : नुसते ८०,००० च जिंकले असते तरी ९६० रुपये भरायचे राहिलेच असते, कारण टीडीएस ३० टक्क्यांनी कापतात आणि उपकर वर राहतो. "तिथंच कापलाय" हे वाक्य इथे खोटे ठरते.

टप्पा ६ : फॉर्म निवडा आणि योग्य रकान्यात भरा

आयटीआर-१ चालत नाही. आयटीआर-४ सुद्धा चालत नाही. पगारदार, निवृत्त, गृहिणी यांनी आयटीआर-२ घ्यावा. दुकान, व्यवसाय असेल त्याने आयटीआर-३. मार्केट यार्डातले व्यापारी दरवर्षी ठोक नफ्यावर आयटीआर-४ भरतात आणि सवयीने याही वर्षी तोच उघडतात. रेसची एक रुपयाची जिंकलेली रक्कम असली तरी त्या वर्षी फॉर्म बदलतो.

फॉर्ममध्ये क्रम असा ठेवा. "इतर स्रोत" (शेड्यूल ओएस) या परिशिष्टात लॉटरी, शर्यती, पैज यांची ११५ बीबीची ओळ आहे, तिथे टीडीएस कापण्याआधीची पूर्ण रक्कम भरा. हातात आलेले ५६,००० भरणारे पुष्कळ असतात, ८०,००० भरायचे. त्याच्या शेजारची ११५ बीबीजेची ओळ ऑनलाइन गेमची आहे, तिथे भरू नका. मग त्याच परिशिष्टाच्या शेवटी कोणत्या कालावधीत रक्कम मिळाली त्याचा तक्ता आहे (१५ जूनपर्यंत, १६ जून ते १५ सप्टेंबर, असे पाच भाग). तो रिकामा सोडू नका, व्याजाचा हिशेब त्यावरून होतो. पुढे विशेष दराच्या परिशिष्टात ३० टक्के आपोआप आले का ते पाहा. शेवटी टीडीएसच्या परिशिष्टात १९४ बीबीची नोंद "इतर स्रोत" या शीर्षाशी जोडा.

खबरदारी : तासगाव, पलूस, मिरज भागातून एक सल्ला फिरत असतो की द्राक्षे-बेदाण्याच्या पट्टीत ही रक्कम मिसळून शेती उत्पन्न म्हणून दाखवा. टीडीएसची नोंद १९४ बीबीची आणि विवरणपत्रात शेती, हे संगणकालाही पाच मिनिटांत दिसते. त्यातून खरे शेती उत्पन्नही संशयाच्या घेऱ्यात येते.

टप्पा ७ : घोडामालकांसाठी थोडेसे

घोडा पाळून रेसमध्ये धावडवण्याच्या उद्योगातून आलेले उत्पन्न ११५ बीबीत येत नाही. खुराक, तबेला, प्रशिक्षक यांचा खर्च वजा होतो आणि कर नेहमीच्या दराने लागतो. तोटा झाला तर तो दुसऱ्या कोणत्याही उत्पन्नातून वजा होत नाही. फक्त याच उद्योगाच्या पुढच्या उत्पन्नातून, आणि तोही पुढची ४ असेसमेंट वर्षेच (कलम ७४ ए). विवरणपत्र मुदतीत भरले तरच तोटा पुढे जातो. त्याच मालकाने स्वतःच्या घोड्यावर पैज लावून जिंकले तर ती रक्कम मात्र टप्पा ५ प्रमाणे.

टप्पा ८ : बैलगाडी शर्यतीचे बक्षीस

१८ मे २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीने शर्यती होतात, आणि सातारा-सांगलीच्या यात्रांत पहिल्या नंबराला ट्रॅक्टर, मोठी गाडी, दुसऱ्याला दुचाकी अशी बक्षिसे लागतात. या बक्षिसाचा कर कुणाच्या ध्यानीमनीही नसतो. कलम ११५ बीबीत मात्र "घोड्यांच्या शर्यतींसह कोणतीही शर्यत" असे शब्द आहेत. खर्च वजा करण्याची सवलत फक्त शर्यतीच्या घोड्यांच्या मालकाला दिली आहे, बैलांच्या मालकाला नाही. खिल्लाराच्या खुराकावर वर्षभर माणूस पोटच्या पोरासारखा खर्च करतो. ही तफावत मला अन्यायाची वाटते. तरीही कायदा बदलेपर्यंत माझ्या पक्षकारांना मी बक्षीस ३० टक्क्यांच्या ओळीतच दाखवायला सांगतो.

वस्तूचे बक्षीस असेल तर बाजारभावाने किंमत धरा आणि संयोजकांकडून बक्षिसाचे पत्र व गाडीच्या बिलाची प्रत घ्या. ट्रॅक्टर मिळाला आणि कर भरायला हातात पैसा नाही, अशी वेळ येते; स्वीकारण्याआधी ३१.२ टक्क्यांची तजवीज कुठून करणार ते ठरवा.

पैऱ्यात दोन मालकांचे दोन बैल पळतात आणि गाडीची नोंदणी आरटीओत एकाच्या नावावर होते. दुसऱ्याला त्याचा वाटा रोखीने देतात. इथेही टप्पा ३ चाच नियम : वाटा शर्यतीआधी लिहा, पैसे खात्यातून द्या, दोघांनी आपापला भाग दाखवा.

टप्पा ९ : राहिलेला कर भरा, मग विवरणपत्र

वर्षाचा राहिलेला एकूण कर १०,००० किंवा त्याहून जास्त होणार असेल तर आगाऊ कर लागू होतो. व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या ६० वर्षांवरच्या ज्येष्ठांना तो नाही. जिंकणे आधी कळत नसते, म्हणून कायद्याने एक सोय ठेवली आहे : सप्टेंबरच्या अखेरीस जिंकलात तर जूनच्या आणि सप्टेंबरच्या हप्त्याचे व्याज लागत नाही, पण उरलेल्या हप्त्यांत (१५ डिसेंबर, १५ मार्च) कर भरलेला हवा. मार्चच्या शेवटच्या पंधरवड्यात जिंकलात तर ३१ मार्चपर्यंत.

वर्ष संपल्यावर भरताना चलनात "सेल्फ असेसमेंट टॅक्स" निवडा आणि असेसमेंट वर्ष दोनदा वाचा. २०२५-२६ आणि २०२६-२७ यांची अदलाबदल झाली की पैसा भलत्या वर्षात जातो आणि दुरुस्तीला महिने लागतात.

चलन भरून त्याचा क्रमांक विवरणपत्रात आल्यावरच ते सादर करा. आयटीआर-२ ची मुदत ३१ जुलै. उशीर झाला तर ५,००० रुपये शुल्क (एकूण उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल तर १,०००), शिवाय राहिलेल्या करावर महिन्याला १ टक्का व्याज. सादर केल्यापासून ३० दिवसांत आधार ओटीपीने पडताळणी करा. पडताळणीविना पडून राहिलेले विवरणपत्र भरलेच नाही असे धरतात. दरवर्षी दोन-तीन जणांचे असे होते.

टप्पा १० : नोटीस आली तर

आधी नोटिशीचे कलम वाचा. १३९(९) असेल तर विवरणपत्र सदोष आहे, बहुतेक वेळा फॉर्म चुकलेला असतो. १५ दिवसांत दुरुस्त करून भरा. १४३(१) असेल तर बंगळुरूच्या केंद्राने हिशेब करून पाठवला आहे. तुमचा तक्ता आणि त्यांचा तक्ता शेजारी ठेवून कोणत्या ओळीत फरक आहे ते शोधा. त्यांचे बरोबर असेल तर कर भरून टाका, वाद घालण्यात अर्थ नाही. १६ ए असूनही टीडीएसचे श्रेय दिले नसेल तर पोर्टलवरून दुरुस्तीचा अर्ज करा.

मागच्या वर्षांची रक्कम दाखवायची राहून गेली असेल, तर अद्ययावत विवरणपत्राचा (आयटीआर-यू) मार्ग असेसमेंट वर्ष संपल्यापासून ४८ महिन्यांपर्यंत आहे. त्यात कर व व्याजाच्या वर जादा कर लागतो : पहिल्या १२ महिन्यांत २५ टक्के, २४ पर्यंत ५०, ३६ पर्यंत ६०, ४८ पर्यंत ७०. परतावा मागण्यासाठी हा फॉर्म वापरता येत नाही. विभागाची कारवाई सुरू झाल्यावर हा मार्ग बंद होऊ शकतो, म्हणून २०२३ किंवा २०२४ च्या हंगामातला १६ ए कपाटात पडला असेल तर तो आधी बाहेर काढा आणि २६ एएसशी लावून पाहा.